केळीच्या मुलखातून चिकूच्या वाडीत : घोलवड-बोर्डीचा घरगुती मुक्काम

खान्देशातून समुद्र पाहायला निघालेले कुटुंब बहुधा अलिबाग किंवा गणपतीपुळे गाठते, खिसा गरम असेल तर गोवा. महाराष्ट्राच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या हद्दीला खेटून असलेली घोलवड आणि बोर्डी ही पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील जोडगावे आपल्या यादीत सहसा नसतात. वास्तविक रेल्वेचा नकाशा समोर ठेवला तर तापी खोऱ्यातल्या माणसाला सर्वांत सोयीचा मराठी किनारा हाच आहे. रावेर, सावदा, यावलकडच्या मंडळींनी भुसावळ गाठावे, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारच्या मंडळींनी आपापल्या स्थानकावरच गाडीत बसावे, सुरतेला उतरून दक्षिणेकडे तोंड करावे, की विरारच्या दिशेने जाणारी पॅसेंजर घोलवडच्या छोट्या स्थानकावर आणून सोडते. भुसावळहून नंदुरबार-सुरतमार्गे मुंबईकडे धावणारी खान्देश एक्स्प्रेस याच पट्ट्यातून जाते, पण घोलवडसारख्या लहान स्थानकासाठी शेवटचा टप्पा पॅसेंजरनेच करावा लागतो.

आम्ही रावेर तालुक्यातले केळीवाले. घोलवड आणि बोर्डी यांच्या मधल्या एका चिकूच्या वाडीतील घरगुती निवासात आमच्या कुटुंबाने या हिवाळ्यात मुक्काम केला, त्याविषयी हे लिहीत आहे. निवासाचे नाव मुद्दाम देत नाही. या पट्ट्यात अशी घरे बरीच आहेत, त्यांची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच आहे आणि एकाच घराची जाहिरात करणे हा या लेखनाचा हेतू नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. समुद्रासाठी म्हणून येथे येणाऱ्याचा थोडा हिरमोड होईल. वाडीसाठी आणि वाडीवर जगणाऱ्या गावासाठी येणाऱ्याचे, विशेषतः तो बागायतदार असेल तर, पैसे पुरेपूर वसूल होतील.

हिरमोड होण्याचे कारण किनाऱ्याच्या स्वभावात आहे. बोर्डीचा किनारा लांबलचक आणि सपाट आहे. ओहोटी लागली की पाणी इतके आत सरकते की समुद्र कोठे आहे हे हात दाखवून विचारावे लागते आणि मध्ये उरते ती ओली, करडी, काही ठिकाणी पाय रुतणारी वाळू. निळे पाणी आणि पांढरी वाळू ही चित्रातली जोडी येथे नाही. सुरूच्या झाडांची रांग मात्र खरोखर देखणी आहे आणि भरतीच्या वेळी, त्यातही संध्याकाळी, तिथे बसण्यासारखे सुख नाही. म्हणून या गावात घड्याळापेक्षा भरतीची वेळ महत्त्वाची असते. यजमानांना ती तोंडपाठ असते, त्यांना विचारूनच किनाऱ्याकडे निघावे. आमच्या निवासाच्या इंटरनेटवरील छायाचित्रांत समुद्र खिडकीबाहेर असल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तेथून किनाऱ्यापर्यंत रमतगमत वीसेक मिनिटे चालावे लागते. ही फसवणूक म्हणता येणार नाही, कारण फोनवर विचारल्यावर मालकांनी अंतर स्पष्ट सांगितले होते. तरीही ते छायाचित्र काढून टाकणे त्यांना शोभून दिसेल.

खोल्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जुन्या कौलारू घराच्या मागे अलीकडे बांधलेल्या खोल्या, स्वच्छ चादरी, फरशी, पंखा, संडास-न्हाणीघर आत. वातानुकूलन एका खोलीत आहे, हिवाळ्यात त्याची गरज पडत नाही. गरम पाणी नळाला येत नाही, सकाळी मागितल्यावर बादलीने मिळते. आमच्या घरी बंबाची सवय असल्याने आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही, शहरी पाहुणे कुरकुर करतील. खरी तक्रार डासांची आहे. वाडी म्हटली की सावली, ओल आणि पालापाचोळा आला आणि त्याबरोबर संध्याकाळी डास आलेच. मच्छरदाणी मागेपर्यंत कोणी दिली नाही. ती खोलीत आधीच टांगलेली असायला हवी. दर माणशी आकारतात आणि त्यात नाश्ता, दोन्ही वेळचे जेवण व चहा धरलेला असतो. आम्हाला तो माणशी दीड हजार रुपयांच्या आसपास पडला, लहान मुलांचा निम्मा. आगाऊ रक्कम मोबाइलवरून पाठवावी लागते आणि तिची पावती मिळत नाही. व्यवहारात गडबड काही झाली नाही, पण कुटुंबे घेऊन येणाऱ्या पाहुण्यांचे पैसे ज्या घरी येतात त्या घरी एक पावतीपुस्तक असायला काय हरकत आहे?

आता ज्यासाठी जावे त्या वाडीकडे वळतो.

सकाळी नाश्त्यानंतर मालक पाहुण्यांना वाडी फिरवून आणतात. बहुतेक पाहुणे झाडाखाली छायाचित्र काढून परततात. आम्ही केळीवाले असल्याचे कळल्यावर मात्र ही फेरी लांबली आणि दुपारच्या जेवणाला उशीर झाला. चिकूचे झाड आणि केळीचे खोड यांच्या हिशेबात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्याकडे मृगबाग (पावसाच्या सुरुवातीची लागवड) असो की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), पाच-सहा फुटांवर खोड, वर्षभरात घड, की लगेच नव्या लागवडीचा किंवा पिलबागेचा, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांवर पुढचे पीक घेण्याचा, विचार. येथे दोन झाडांत दहा मीटरचे अंतर, लावल्यावर नीट उत्पन्नासाठी सहा-सात वर्षांची वाट आणि त्यानंतर पन्नास-साठ वर्षे तेच झाड. मालकांच्या वाडीतली काही झाडे त्यांच्या आजोबांनी लावलेली आहेत. वारा, करपा रोग आणि बाजारभाव या तिन्हींच्या भीतीने दर वर्षी जुगार खेळल्यासारखी शेती करणाऱ्या माझ्यासारख्याला आजोबांच्या झाडाचे फळ नातू तोडतो आहे हे पाहून प्रथम हेवा वाटला. पुढे ऐकत गेलो तसा तो बराच ओसरला.

काळीपत्ती हे येथले मुख्य वाण. पाने गर्द हिरवी, फळ लांबट अंडाकृती, गर मऊ आणि रवाळ. घोलवड परिसरातल्या कॅल्शियमयुक्त जमिनीमुळे फळाला वेगळी गोडी येते असे येथे सांगतात. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे जमिनीचा हा गुणधर्म एक आधार आहे. योगायोग असा की जळगावच्या केळीलाही भौगोलिक मानांकन त्याच वर्षी मिळाले, तेही आमच्याच रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या संस्थेच्या नावाने. २०२१ साली तांदलवाडीची केळी मानांकनाच्या शिक्क्यासह दुबईला गेली आणि घोलवडचा चिकू ब्रिटनला. ही जुळवाजुळव मी केली तेव्हा मालक हसले आणि त्यांनी विचारले, “मग तुमच्या केळीला त्यानंतर भाव वाढून मिळाला का?” मी नाही म्हणालो. “आम्हालाही नाही,” असे म्हणून त्यांनी पुढच्या झाडाकडे हात केला.

काढणी पाहण्यासारखी असते. टोकाला जाळीची पिशवी बांधलेली बांबूची लांब काठी घेऊन गडी फांद्यांमध्ये शिरतो आणि खालून मान वर करून फळ निवडतो. चिकू झाडावर पिकत नाही, तो कडक असतानाच काढावा लागतो. त्यामुळे तयार फळ कोणते हे ओळखण्यातच सारी कसबाची बाजू आहे. मालकांनी एक फळ हातात दिले आणि अंगठ्याच्या नखाने साल किंचित खरवडायला सांगितली. खाली हिरवा रंग दिसला आणि चीक आला, म्हणजे फळ कच्चे. शेजारच्या फळावर तीच नखाची रेघ ओढली तेव्हा पिवळसर रंग निघाला, चीक जवळपास नव्हता, सालीवरची भुरकट पूड बोटाला लागून सहज निघाली. ही पूड धुऊन काढतात, फळे पसरून कोरडी करतात, आकारानुसार निवडतात आणि मग पेट्या भरतात. निवड करणाऱ्या बायकांचे हात इतक्या झपाट्याने चालत होते की एका फळावर क्षणभरही नजर ठरत नसावी, तरी मोठ्याच्या ढिगात लहान फळ एकही दिसले नाही. आमच्याकडे घडाच्या फण्या उतरवून प्रतवारी करणाऱ्या मजुरांशी त्यांची गाठ घालून द्यावी असे वाटून गेले.

वर्षभर फळ मिळते हा चिकूचा मोठा गुण. पैसा एकरकमी येत नाही, थेंबाथेंबाने येत राहतो. पावसाळ्यात मात्र बुरशीने फळगळ होते आणि बी पोखरणाऱ्या अळीने या भागातल्या वाड्यांना कितीतरी वर्षे जेरीस आणले आहे. अळी आत बी खाते आणि फळ बाहेरून धडधाकट दिसते, त्यामुळे ग्राहकाच्या हातात गेल्यावरच बोंब होते. जुन्या बागांत झाडे वाढून फांद्या एकमेकींत शिरल्या आहेत, ऊन आत येत नाही, म्हणून कीड वाढते. छाटणी करावी तर दोन-तीन हंगाम उत्पन्न घटते. मजुरी वाढली आहे आणि मुलगा नोकरीसाठी मुंबईकडे आहे. वाडीतला निवास त्यातूनच सुरू झाला, हे मालकांनी काही आडपडदा न ठेवता सांगितले. पाहुण्यांचे पैसे हा त्यांच्या वाडीचा आणखी एक हंगाम आहे.

म्हणूनच या मुक्कामाला हॉटेलाची मोजपट्टी लावू नये. येथे सारे कुटुंबाच्या दिनक्रमाभोवती फिरते. पेट्या भरायच्या दिवशी चहा उशिरा येतो. संध्याकाळी मालकांच्या घरातल्या काकू सुकवलेल्या चिकूच्या चकत्या पिशव्यांत भरत बसतात आणि पाहुण्यांची मुले त्यांना मदत करतात. चिकूची पूड, लोणचे, हलवा, आइस्क्रीम अशा अनेक गोष्टी या गावांत होतात, बोर्डीत चिकूपासून वाइन करण्याचा प्रयोगही झाला आहे. चकत्या उत्तम होत्या, साखर न घालता वाळवलेल्या, चिवट आणि खजुराच्या जवळ जाणाऱ्या. लोणचे मला आवडले नाही. ज्या फळाचा सगळा जीव गोडीत आहे त्याला मोहरी-तिखटात घालून काय मिळवायचे, हा प्रश्न मी तिथे विचारला नाही, येथे विचारतो.

जेवण हा या निवासाचा सर्वांत जमून आलेला भाग. माझी आई माळकरी, बाकी आम्ही सारे खाणारे. फोनवरच आईसाठी वेगळा तवा आणि वेगळी भांडी ठेवाल का, असे विचारले होते. काकूंनी “आजींची काळजी करू नका” एवढेच म्हटले आणि खरोखरच चूल वेगळी मांडून दिली. आईचे समाधान होणे ही आमच्या घरात सोपी गोष्ट नाही, त्यामुळे याची नोंद घेतो. वरणात गूळ अंमळ जास्त पडतो, गुजरात उंबरठ्यावर असल्याचा तो परिणाम. आमच्या माणसांनी सोबत शेंगदाण्याचा ठेचा न्यावा. हिवाळ्यात गेलात तर उकडहंडी सांगून ठेवावी. वालपापडी, कंद, रताळी, बटाटे, वांगी मडक्यात घालून रानपाल्यात दाबून शिजवतात. सीमेपलीकडे वलसाडच्या बाजूला हाच प्रकार मडके उपडे घालून भोवती जाळ करून होतो आणि त्याला उंबाडियू म्हणतात. आपल्याकडे जेव्हा मळ्यात तुरकाट्यांवर (तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर) वांगी भाजून भरिताच्या पार्ट्या चालतात, त्याच दिवसांत येथे ही हंडी चढते. चव अर्थातच निराळी, त्यात ओवा आणि हिरव्या लसणाचा वास पुढे येतो, पण शेतात जमून, जाळाभोवती बसून खाण्याची हौस तीच. आईने दोनदा वाढून घेतले.

खाणाऱ्यांसाठी ताजे बोंबील. आपल्याकडे आठवडी बाजारात सुके बोंबील आणि सुकट मिळते, त्यामुळे बोंबील म्हणजे काडीसारखी वाळलेली वस्तू अशीच बहुतेकांची समजूत असते. ताजा बोंबील हातात धरवत नाही इतका मऊ आणि पाण्याने भरलेला असतो. काकू ते चिरून, मीठ लावून पाटाखाली दाबतात, वर पाट्याचा दगड ठेवतात. अर्ध्या तासाने ताटात पाणी साचलेले दिसते आणि बोंबील चपटे झालेले असतात. मग हळद-तिखट आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. बाहेर कुरकुरीत, आत जवळजवळ वितळणारे. पापलेटचा दर वेगळा लावतात आणि तो आधी सांगतात, हे बरे. ती भाजी-भाकरीसारखी रोजची वस्तू येथेही राहिलेली नाही. २०२३ मध्ये राज्याने चंदेरी पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केले. गौरव झाला खरा, पण लहान पापलेट पकडले जाऊन संख्या घटत चालल्याची चिंता त्यामागे होती.

मासळी कोठून येते हे पाहायचे असेल तर सकाळी झाईला जावे. बोर्डीच्या पुढे, खाडीजवळ, किनाऱ्यावरचे हे महाराष्ट्राचे शेवटचे गाव. वस्ती मुख्यतः मासेमारी करणाऱ्या मांगेला समाजाची. आमचे मालक स्वतः येत नाहीत, ओळखीचा रिक्षावाला देतात. बांबूच्या मांडवांवर बोंबील जोडी-जोडीने अडकवून वाळत घातलेले असतात आणि त्या वासाची तयारी ठेवूनच जावे. आमच्या रिक्षावाल्याच्या घरचे दोघे गुजरातच्या बोटींवर खलाशी आहेत. पावसाळा संपला की डहाणू-तलासरीकडचे अनेक तरुण सौराष्ट्राच्या बंदरांवर जातात आणि हंगामभर परक्याच्या बोटीवर काम करतात. कधी बोट सागरी हद्द ओलांडते, कधी ओलांडल्याचा आरोप होतो, आणि पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे जातात. अशा कुटुंबांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात एका रकान्यात वाचून पुढे जातो. येथे त्या गल्लीतून रिक्षा जाते. पर्यटनाच्या माहितीपत्रकात यातले काही नसते आणि मालकांच्या गप्पांतही ते आपणहून आले नाही.

आपणहून न आलेली आणखी एक गोष्ट म्हणजे वाडीतले मजूर. काढणी करणारे, पेट्या भरणारे बहुतेक सगळे वारली आदिवासी. आमच्याकडे केळीचे काम सातपुड्यातल्या पावरा, बारेला, तडवी माणसांच्या खांद्यावर चालते, तसेच येथे. निवासाच्या भिंतींवर वारली चित्रे काढलेली आहेत, उशांच्या अभ्र्यांवरही तारपा या वाद्याभोवतीचा नाच रंगला आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. भिंतीवरची माणसे आणि भिंतीबाहेर फळे निवडणारी माणसे एकच आहेत, हे पाहुण्यांना कोणीतरी सांगायला हवे. वाडीच्या फेरीत काढणीवाल्या गड्याला दोन वाक्ये बोलू दिली असती तर फेरी अधिक भरीव झाली असती. फळ ओळखण्याची जी परीक्षा मालकांनी आम्हाला दाखवली ती तो दिवसभर नख न लावता, नुसत्या नजरेने करत होता.

या गावांची घडण समजल्याशिवाय मुक्काम अर्धाच होतो, म्हणून थोडे त्याविषयी. चिकूच्या लागवडीत पारशी आणि नंतर इराणहून आलेल्या इराणी जरथुष्ट्री कुटुंबांचा मोठा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे चिकू रुजला. त्यांचे जुने बंगले, लाकडी कठडे असलेले ओटे अजून वाड्यांत दिसतात. सीमेपलीकडे संजाण, जिथे पारशी प्रथम वसले असे त्यांची परंपरा सांगते, आणि थोडे उत्तरेला उदवाडा, जिथे इराणशाह हा त्यांचा सर्वांत पूज्य अग्नी १७४२ पासून आहे. संजाण पडल्यावर हा अग्नी बोर्डीजवळच्या बहरोटच्या डोंगरातील गुंफांत बारा वर्षे लपवून ठेवला होता, अशी परंपरा आहे. असावली धरणाच्या बाजूने वर चढता येते. चढ दमवणारा आहे, पाणी जवळ ठेवावे, आणि गुंफा हे पारशी समाजाचे श्रद्धास्थान असल्याने तिथे सहलीचा गोंगाट करू नये. आम्ही गेलो तेव्हा एक टोळके स्पीकर घेऊन वर आले होते. आमच्याच भाषेत बोलत होते, हे अधिक लाजिरवाणे.

बोर्डीची दुसरी ओळख शाळेची. गोखले एज्युकेशन सोसायटीचे सुनाबाई पेस्तनजी हकीमजी विद्यालय आणि त्याभोवतीची वसतिगृहे यांमुळे दूरदूरची मुले येथे शिकून गेली. १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले ते बोर्डीतच. पुढे ते काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यावी, या विचाराने त्यांनी अंगणवाडीचा प्रयोग केला, जो पुढे देशभर पोहोचला. आपल्या प्रत्येक खेड्यात आज जी अंगणवाडी आहे तिचे मूळ या पट्ट्यात आहे. माझी बायको अंगणवाडी सेविका असल्याने कोसबाडला जाणे हा आमच्या मुक्कामातील तिचा आग्रह होता, आणि तो योग्य होता. मालकांच्या ‘काय पाहाल’ या कागदावर किनारा, धरण, गुंफा, बाग असे सारे आहे, कोसबाड नाही. ते घालावे.

गाव शांत, हिरवे आणि धुरापासून वाचलेले दिसते, तेही आपोआप झालेले नाही. १९९१ मध्ये केंद्र सरकारने संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला आणि कारखानदारीवर मर्यादा आल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, त्याचे अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ सांभाळले. आता याच तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवण येथे सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचे बंदर उभे राहणार आहे. २०२३ मध्ये प्राधिकरणाने त्याला संमती दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध तीव्र आहे, वाडीवाल्यांत दोन मते आहेत. आमच्या मालकांनी रात्री ओट्यावर दोन्ही मते स्वतःच मांडली, जमिनीला भाव येईल हेही आणि मग चिकू कोण लावील हेही. आपल्याकडे महामार्गाच्या चौपदरीकरणात ज्यांच्या केळीच्या बागा गेल्या त्यांना हे बोलणे परके वाटणार नाही.

सेवेविषयीच्या उरलेल्या गोष्टी थोडक्यात. शनिवार-रविवार टाळावा. मुंबई आणि गुजरात दोन्हीकडून गर्दी येते आणि शेजारच्या वाडीत स्पीकर लागला तर यजमान काही करू शकत नाहीत, आम्ही सांगून पाहिले. मे महिना तर टाळावाच. आमच्याकडे पारा पंचेचाळीसवर गेला की लोक गारव्यासाठी समुद्राकडे धावतात, पण तिथल्या घामाने आपल्या कोरड्या उन्हाची आठवण येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. घोलवड स्थानकावरून रिक्षा मिळते, परंतु रात्री उशिराच्या गाडीने उतरणार असाल तर मालकांना आधीच कळवावे. मुंबईच्या लोकल डहाणू रोडपर्यंतच येतात, परतताना मुंबईकडे जाणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे. ज्येष्ठांना न्हाणीघराची पायरी उंच पडते. लहान मुलांना वाडी हे मोकळे मैदान आहे, विहिरीला मात्र कठडा कमी उंचीचा आहे आणि त्यावर जाळी बसवायला हवी. ही गोष्ट मी निघताना मालकांना बोलून दाखवली, त्यांनी मान्य केली.

चिकू घरी आणायचे असतील तर रस्त्याकडेच्या टोपल्यांतून घेऊ नयेत, त्यांत बहुधा प्रतवारीत मागे पडलेली लहान फळे असतात. वाडीतून, त्याच दिवशी काढलेली, कडक पण नखाखाली पिवळी दिसणारी फळे मागावीत. पिकलेली फळे प्रवासात चेंगरतात. कडक फळे कागदात गुंडाळून पेटीत भरली तर खान्देशात पोहोचल्यावर चार-पाच दिवसांत पिकतात, सगळी एकदम नव्हे, म्हणून रोज चाचपून मऊ झालेली वेगळी काढावीत आणि मगच फ्रिजमध्ये ठेवावीत. कच्ची फळे फ्रिजमध्ये टाकली तर ती धड पिकत नाहीत. मालक पेटी बांधून देतात, वजन करून दर लावतात आणि वर मूठभर फळे टाकतात. पेटी दोरीने बांधून मागावी, चिकटपट्टी सुरतेपर्यंत टिकत नाही.